कलप ते बालायाज

पार्लरच्या दरपत्रकावर आज ग्लोबल, हायलाइट्स, ऑम्ब्रे, बालायाज अशी नावं दिसतात. आजोबांच्या पिढीला एकच शब्द पुरायचा: कलप. वाटीत कालवलेली काळी पूड आणि ती लावायला जुना टूथब्रश. कलप लावलाय हे कुणाला कळू नये, एवढीच अपेक्षा. (कळायचंच. कपाळाच्या कडेला डाग राहायचा.)

बायका मेंदी भिजवायच्या, तीही लोखंडी कढईत, कोऱ्या चहाच्या पाण्यात. चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळपटपणा आणतं, म्हणून स्टीलचं पातेलं चालत नसे. मेंदी केस उजळवत नाही. काळ्यावर जेमतेम तांबूस झाक, पांढऱ्यावर थेट केशरी.

रासायनिक कलप कापडाच्या रंगांच्या घराण्यातला. १८५६ मध्ये लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन हे हिवतापावरचं औषध बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. त्याच संशोधनाच्या ओघात पुढे पीपीडी हे रसायन आलं. त्याचे बारीक रेणू पेरॉक्साइडबरोबर केसात शिरतात, आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि तिथेच अडकतात. पॅरिसमध्ये यूजीन श्युलर १९०७ पासून असा रंग केशकर्तनकारांना विकू लागला. १९०९ मध्ये काढलेल्या कंपनीच्या नावातच त्यानं 'निरुपद्रवी' हा शब्द घातला. तीच पुढची लॉरियाल. निरुपद्रवी म्हटलं तरी पीपीडीची काहींना जबर अ‍ॅलर्जी येते, म्हणून ४८ तास आधीची पॅच टेस्ट (त्वचेवर थोडा रंग लावून पाहणं) टाळू नये.

१९५६ मध्ये अमेरिकेत क्लेरॉलनं घरच्या घरी लावायचा रंग आणला. जाहिरातीत प्रश्न होता, ही रंगवते की नाही? म्हणजे तिथेही लपवालपवीच.

हायलाइट्सनी, म्हणजे निवडक बटाच फिक्या करण्यानं, हे उलटवलं. रंग दिसावा म्हणूनच लावायचा. आधी भोकं पाडलेली रबरी टोपी आणि आकडीनं ओढून काढलेल्या बटा. मग फॉइल: बारीक बट विणून घ्यायची, केसाचा रंग उतरवणारं ब्लीच लावून चंदेरी फॉइलच्या कागदात दुमडायची. बालायाज १९७० च्या दशकात पॅरिसच्या सलूनमधून आलं. फ्रेंचमध्ये 'बालाये' म्हणजे झाडणं. ब्लीचचा ब्रश मोकळ्या केसावर वरवर फिरवायचा. ऑम्ब्रेत मुळं गडद, टोकं फिकी.

आपल्या काळ्या केसात मात्र ब्लीचशिवाय यातलं फारसं काही उठत नाही. मेलॅनिन, म्हणजे केसाचं मूळचं रंगद्रव्य, तुटताना केस आधी लाल, मग तांबडा-केशरी, मग पिवळा होतो. उघड्यावर ब्लीच सुकलं की काम थांबतं. त्यामुळे आपल्याकडे फॉइल जास्त भरवशाचं, असं माझं मत. बरेच जण बालायाज म्हणून रंगवतात आणि गुपचूप फॉइलमध्येच गुंडाळतात.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो. कलपाची पांढरी रेघ भांगात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसते. बालायाजला सुरुवातीची रेघच नसल्यानं चार-पाच महिने निभावतं. पण ते मुळाशी जात नाही, त्यामुळे भांगात पांढरं असेल तर आधी रूट टचअप, मुळापुरता रंग. म्हणजे कलपच.