करकपातीला ३१ डिसेंबरची मुदत कुणी घातली?

अमेरिकेत मुदत संपत आलेल्या करसवलतींवरून दर काही वर्षांनी तेच भांडण होतं. रिपब्लिकन म्हणतात, डेमोक्रॅट विधेयक अडवून सगळ्या देशावर करवाढ लादतायत. डेमोक्रॅट म्हणतात, मूठभर श्रीमंतांच्या सवलतीसाठी रिपब्लिकनांनी मध्यमवर्गाला वेठीला धरलंय. २०१० आणि २०१२ मध्ये हे आरोप रोज कानावर पडत होते, २०२५ मध्ये ते पुन्हा तसेच ऐकू आले. कोंडी कुणामुळे झाली, यावर इतकी चर्चा होते की ज्या तारखेमुळे ती होते ती तारीख आली कुठून, हे विचारायचं राहून जातं. ती तारीख कायद्यातच लिहिलेली होती. आणि लिहिणारे करकपातीचे विरोधक नव्हते, खुद्द तिचे कर्ते होते.

२००१ च्या जानेवारीत सरकारी अंदाज असा होता की पुढच्या दहा वर्षांत तिजोरीत ५.६ लाख कोटी डॉलर शिल्लक पडतील. त्या अंदाजाच्या भरवशावर ७ जून २००१ रोजी रिपब्लिकनांच्या मोठ्या करकपातीवर सही झाली. तळाला १० टक्क्यांचा नवा टप्पा आला, सर्वात वरचा दर ३९.६ वरून पायरीपायरीने ३५ टक्क्यांवर यायचा होता, मुलामागची सवलत ५०० वरून हळूहळू १,००० डॉलर व्हायची होती. एकूण किंमत १.३५ लाख कोटी डॉलर.

अडचण मतांची होती. सिनेटमध्ये तेव्हा ५०-५० अशी बरोबरी होती आणि लांबणारी चर्चा थांबवायला ६० मतं लागतात. आपल्याकडे राज्यसभा अर्थविधेयक १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही, त्यामुळे ही अडचण आपल्या चटकन लक्षात येत नाही. तिथे वरचं सभागृह कराचं विधेयक खुशाल मारू शकतं. त्यातून सुटायला एक आडवाट आहे, रिकन्सिलिएशन नावाची. त्या वाटेने गेलं तर चर्चेला २० तासांची मर्यादा पडते आणि साधं बहुमत पुरतं. पण तिच्या तोंडाशी बर्ड नियम उभा आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या एका सिनेटरच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम १९८५ मध्ये आला आणि १९९० मध्ये कायमचा झाला. अंदाजपत्रकाची मुदत, म्हणजे त्यात धरलेला साधारण दहा वर्षांचा काळ, संपल्यानंतरच्या वर्षांत तूट वाढवणारी तरतूद या वाटेने नेता येत नाही, असं तो सांगतो. त्यावर मात करायला पुन्हा ६० मतंच लागतात.

मग संपूर्ण कायद्यालाच ३१ डिसेंबर २०१० ही मुदत घातली गेली. इथे एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. अंदाजपत्रकाची मुदत सप्टेंबर २०११ पर्यंत होती. नियमासाठी तारीख तिथपर्यंत नेता आली असती. ती नऊ महिने अलीकडे ओढली, कारण तसं केलं नसतं तर किंमत १.३५ लाख कोटींच्या चौकटीत बसत नव्हती. म्हणजे मुदतीचा काही भाग नियमाने घालायला लावला आणि काही भाग आकडा बसवायला मुद्दाम घातला गेला. त्याच मे महिन्यात सिनेटच्या नियमांचा अर्थ लावणाऱ्या अधिकाऱ्याला रिपब्लिकन नेत्यांनी पदावरून दूर केलं. त्याचे निर्णय त्यांना अडचणीचे ठरत होते.

वारसा कराचं तर विचारूच नका. २००९ मध्ये ४५ टक्के, २०१० मध्ये शून्य आणि २०११ पासून पुन्हा ५५ टक्के असं कायद्यात लिहिलेलं होतं. तेव्हा कागदोपत्री स्थिती अशी होती की एखादा धनाढ्य माणूस ३१ डिसेंबर २०१० च्या रात्री वारला तर इस्टेटीवर कर नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वारला तर दहा लाख डॉलरच्या वरच्या रकमेवर निम्म्याहून अधिक कर. इतकी विचित्र रचना दहा वर्षं तशीच राहील, असं ती लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. त्यांचा होरा सरळ होता: लोकांच्या हातात एकदा पडलेली सवलत काढून घेण्याची हिंमत पुढे कुणी करणार नाही. २००३ मध्ये याच वाटेने दुसरी कपात आली. लाभांशावरचा आणि भांडवली नफ्यावरचा कर १५ टक्क्यांवर आला, आणि सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने ती तरली.

२०१० उजाडलं तेव्हा सत्ता डेमोक्रॅटांकडे होती. जोडप्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरपर्यंत असेल तर सवलत ठेवायची, त्यावरची काढायची, हा त्यांचा प्रस्ताव. दोन्ही सभागृहांत बहुमत असताना त्यांनी सप्टेंबरमध्ये मतदान निवडणुकीनंतर ढकललं. त्यांच्याच काही खासदारांना सर्वांचीच सवलत चालू ठेवायची होती आणि निवडणुकीच्या तोंडावर ही फूट उघड्यावर यायला नको होती. दोषाच्या चर्चेत हा निर्णय नेहमी निसटतो. नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या आणि डिसेंबरमध्ये मतदान घेतलं ते हरलेल्या अवस्थेत. प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध १८८ असं ते मंजूर झालं. सिनेटमध्ये ४ डिसेंबरला, शनिवारी, ५३ विरुद्ध ३६ मतं पडली, म्हणजे ६० ला सात कमी. काही डेमोक्रॅटही विरोधात गेले. तीनच दिवस आधी सर्व ४२ रिपब्लिकन सिनेटरांनी सही करून कळवलं होतं की करांचा आणि सरकारी खर्चाचा प्रश्न सुटेपर्यंत दुसरं काहीही पुढे सरकू देणार नाही. अडवणूक कशाला म्हणायची, याचा इतका स्पष्ट लेखी पुरावा क्वचितच मिळतो.

१७ डिसेंबरला तडजोडीवर सही झाली. सर्वांचीच सवलत दोन वर्षांनी वाढली, बदल्यात बेरोजगारी भत्ता १३ महिने चालू राहिला आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटी करात एका वर्षासाठी दोन टक्क्यांची सूट मिळाली. ही सूट पुढे २०१२ लाही वाढवली गेली. एकूण बोजा ८५,८०० कोटी डॉलर. भांडण मिटलं नाही, ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वर्षात ढकललं गेलं.

२०१२ ची कोंडी त्यामुळेच जास्त बोलकी आहे. २५ जुलैला सिनेटने अडीच लाखांच्या मर्यादेचं विधेयक ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केलं. आठवड्याभरात प्रतिनिधिगृहाने सर्वांच्या सवलतींचं विधेयक २५६ विरुद्ध १७१ ने मंजूर केलं. दोन्हीकडचे नेते म्हणू लागले, आम्ही आमचं काम केलंय, आता तुम्ही मत घ्या. पण घटनेनुसार महसुलाचं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू व्हावं लागतं. सिनेटमधून आलेलं असं विधेयक निळ्या चिठ्ठीसोबत परत पाठवायची प्रथा आहे. म्हणजे सिनेटचं विधेयक कायदा होऊ शकत नव्हतं, आणि प्रतिनिधिगृहाचं सिनेटमध्ये तरणार नव्हतं, हे मत देताना दोघांनाही माहीत होतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रिपब्लिकन नेतृत्वाने दहा लाख डॉलरची मर्यादा सुचवली, तर स्वतःच्याच सदस्यांची मतं जमेनात म्हणून ते विधेयक मागे घ्यावं लागलं.

शेवटी ३१ डिसेंबरची मध्यरात्र उलटली. सवलती कायद्याने संपल्या. १ जानेवारी २०१३ ला पहाटे दोनच्या सुमारास सिनेटने ८९ विरुद्ध ८ आणि त्याच रात्री उशिरा प्रतिनिधिगृहाने २५७ विरुद्ध १६७ मतांनी नवा कायदा केला. एकट्या माणसाला चार लाख आणि जोडप्याला साडेचार लाखांपर्यंत जुने दर कायमचे राहिले, त्यावर ३९.६ टक्के परत आले. मध्यरात्र उलटू देण्यात एक सोय होती. बहुतेक रिपब्लिकन सदस्यांनी करवाढीला कधीच मत देणार नाही अशी लेखी शपथ घेतलेली होती. ३१ डिसेंबरला याच कायद्याला मत दिलं असतं तर ती श्रीमंतांवरची करवाढ ठरली असती. १ जानेवारीला दर आपोआप वर गेलेले असल्याने तेच मत करकपातीचं झालं.

या साऱ्या वादातला सगळ्यात गुंत्याचा शब्द इथेच सापडतो: बेसलाइन. म्हणजे वाढ की घट, हे कुठून मोजायचं. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारावरून हे नीट कळतं. समजा घरमालकाने अकरा महिन्यांपुरतं भाडं दोन हजारांनी कमी केलं आणि बाराव्या महिन्यात मूळ भाडं मागितलं. मालक म्हणेल, मी काही वाढवलं नाही, करारात लिहिलंय. भाडेकरू म्हणेल, माझ्या खिशातून दोन हजार जास्त जातायत. दोघंही खरं बोलतात. अमेरिकेत पहिल्या पद्धतीला चालू कायद्याची बेसलाइन म्हणतात: मुदत संपणार असं लिहिलंय, तर ती संपेल असं धरायचं. दुसरी चालू धोरणाची: आज जे मिळतंय ते मिळत राहील असं धरायचं.

२०१३ चा कायदा पहिल्या पद्धतीने मोजला तर दहा वर्षांत तूट जवळपास ४ लाख कोटी डॉलरने वाढवत होता. दुसऱ्या पद्धतीने मोजला तर तोच कायदा सुमारे ६० हजार कोटी डॉलरचा जादा महसूल आणत होता. तेव्हाचं डेमोक्रॅटिक प्रशासन दुसऱ्या पद्धतीने बोलत होतं, कारण त्यांना श्रीमंतांकडून वसुली केल्याचं श्रेय हवं होतं. हे नोंदवायला हवं, कारण पुढे २०२५ मध्ये त्याच पक्षाने त्याच पद्धतीला हातचलाखी म्हटलं. दोन्हींत फरक मात्र आहे. २०१३ मध्ये ती पद्धत भाषणांत आणि अंदाजपत्रकाच्या कागदांत होती. २०२५ मध्ये ती बर्ड नियमातून वाट काढायला वापरली गेली. पहिल्यांदा सवलत देताना मुदत घालायची, म्हणजे पुढच्या वर्षांची किंमत धरावी लागत नाही. मुदत संपताना म्हणायचं, सवलत तर आधीपासून चालूच आहे, म्हणजे आताही किंमत शून्य. अशा हिशेबात पुढच्या वर्षांचे पैसे कोणत्याच वहीत चढत नाहीत. नियमाचा हेतूच यात संपतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या सवलतींवरून २०२५ चा वाद झाला त्या २२ डिसेंबर २०१७ च्या कायद्यातल्या. रचना तीच, धडा मात्र पक्का घेतलेला. कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला तो कायमचा. माणसांच्या सवलतींना ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत. पुढची काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्या वाढवेलच, असं तेव्हाच उघड बोललं जात होतं. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना या कायद्याची दुसरी बाजू लगेच कळली. राज्य आणि स्थानिक करांची वजावट १० हजार डॉलरवर थांबवली गेली आणि तिथे नुसता घराचा मालमत्ता करच अनेकांना त्याच्या आसपास जातो.

मधल्या काळात डेमोक्रॅटांनीही तेच केलं. २०२१ मध्ये मुलामागची सवलत लहान मुलांसाठी ३,६०० डॉलरपर्यंत नेली, पण एकाच वर्षासाठी. ती पुढे चालू राहिली नाही याला त्यांच्याच एका सिनेटरचा विरोध पुरेसा ठरला, कारण सभागृह पुन्हा ५०-५० होतं. आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वाढीव करसवलतही २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी आणली, २०२२ मध्ये २०२५ अखेरपर्यंत वाढवली. तीच मुदत जवळ आली तेव्हा १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकार ४३ दिवस बंद राहिलं, आणि दोन्ही पक्षांनी पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवलं.

कोंडी फुटायची एक संधी २०२४ मध्ये आली होती. मुलांची सवलत आणि उद्योगांची वजावट एकत्र बांधलेलं विधेयक प्रतिनिधिगृहात ३५७ विरुद्ध ७० अशा दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर झालं. निवडणूक तीन महिन्यांवर असताना सिनेटमध्ये १ ऑगस्टला ते ४८ विरुद्ध ४४ वर अडकलं. बहुतेक रिपब्लिकन विरोधात होते. निवडणुकीनंतर आपल्याला अधिक चांगलं विधेयक करता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

या मोठ्या आकड्यांत एक छोटी गोष्ट हरवते. जानेवारी २०१३ च्या पहिल्या पगाराच्या स्लिपवर सोशल सिक्युरिटीची रेघ ४.२ वरून ६.२ टक्क्यांवर गेली होती. वर्षाला ६० हजार डॉलर कमावणाऱ्याच्या हातात दर पंधरवड्याला ४६ डॉलर कमी आले. एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या मुलांच्या स्लिपवरही तेच. ती सूटही त्याच मध्यरात्री संपली होती. पण ती टिकवण्यासाठी दोन्हींपैकी एकाही पक्षाने ताकद लावली नाही, म्हणून तिच्यावरून कुणी कुणाला दोषही दिला नाही.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने २०१७ च्या बहुतेक सवलती कायमच्या केल्या. सिनेटमध्ये पुन्हा ५०-५० आणि पुन्हा उपराष्ट्राध्यक्षांचं मत. काँग्रेसच्या बिगरपक्षीय हिशेबनिसांनी चालू कायद्यावरून मोजून दहा वर्षांतली तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढेल असं सांगितलं. त्याच कायद्यात टिपवरची आणि ओव्हरटाइमवरची नवी वजावट आहे, आणि तिला मुदत घातली आहे २०२८ च्या अखेरची, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीनंतर जेमतेम आठ आठवड्यांची.