टॉवर यायच्या आधीच चिमण्या कमी व्हायला लागल्या होत्या

चिमण्या कुठे गेल्या म्हटलं की पहिलं उत्तर मोबाईल टॉवर, पण त्याचा ठोस पुरावा अजून कुणाला मिळालेला नाही आणि लंडनची आकडेवारी तर वेगळंच सांगते. तिथल्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत पक्षी अभ्यासक मॅक्स निकल्सन यांनी १९२५ला चिमण्या मोजल्या त्या भरल्या २६०३, आणि १९४८ला परत मोजल्या तर ८८५! मधल्या काळात रस्त्यावरचे घोडे जाऊन मोटारी आल्या, मग तोबऱ्यातून सांडणारे दाणे आणि लिदीतले न पचलेले दाणे, दोन्ही बंद.

मुळात ही चिमणी माणसाला चिकटली तीच धान्यासाठी, मध्यपूर्वेत शेती सुरू झाली तेव्हा म्हणजे साधारण १० हजार वर्षांपूर्वी. २०१८च्या एका अभ्यासात तिच्या स्टार्च पचवण्याशी संबंधित जनुकात बदल दिसले, आणि मध्य आशियातली जी उपजात अजूनही माणसापासून लांब राहते तिच्यात ते नाहीत.

केन्सिंग्टनमधे २००० साली उरल्या ८. या वेळी घोडे कारण नव्हते. इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरातली घरटी तपासली तेव्हा कळलं की पिल्लंच उपाशी मरतायत, कारण मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या, मावा, कोळी असंच लागतं आणि बागांमधून तेच कमी झालेलं.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या असं मला वाटतं. सुपात धान्य पाखडणं, गच्चीवरचं वाळवण, वाण्याच्या दारातली उघडी पोती हे गेलं आणि पॅकबंद पीठ आलं, वाडे नि कौलारू घरं पडली तशी वळचण गेली, फोटोफ्रेममागची जागा गेली, आणि सोसायटीत झुडपांऐवजी लॉन आलं, त्यात कुठे किडा दिसला की लगेच फवारणी. २०२०च्या देशातल्या पक्ष्यांच्या अहवालात चिमणी एकूण देशात स्थिर आहे पण मुंबई, दिल्ली, बंगळुरूसारख्या मोठ्या शहरांत घटतेय, आणि हे अगदी जुळतं.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन होतो, तेव्हापासून लाकडी घरटी खूप वाटली जातात. चांगलंच आहे, फक्त त्याने जागेचा प्रश्न सुटतो, पिल्लांच्या अळ्यांचा नाही, त्यासाठी खाली देशी झुडपं हवीत आणि फवारणी बंद हवी.