ओसाकातला लांब ‘ओ’

‘ओसाका’ म्हणताना मराठी माणूस ‘सा’वर रेंगाळतो आणि ‘का’वर टेकतो. जपानी माणूस नेमका उलटा वागतो. तो ‘ओ’ दुप्पट लांबवतो आणि ‘सा’, ‘का’ झटपट उरकतो: ओ-ओ-सा-का. ‘टोकियो’ची गतही तीच. आपल्या तोंडी ती तीन अक्षरं, तिकडे तो-ओ-क्यो-ओ असे चार तुकडे. (या लेखात जपानी शब्द असे रेघेने तोडून दाखवले आहेत. त्यात ‘आ’ दिसला तरी एकटा असेल तर तो आखूडच वाचावा. देवनागरीत आखूड ‘आ’ला वेगळं चिन्ह नाही.)

शहरांच्या नावांपुरतं कुणाचं अडत नाही. पण ओ-बा-सा-न् म्हणजे मावशी, आत्या, काकू यांपैकी कुणीही, आणि ओ-बा-आ-सा-न् म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना हाक मारताना हा फरक सांभाळलेला बरा. बि-रु म्हणजे इमारत, बि-इ-रु म्हणजे बिअर. कि-ते म्हणजे ‘ये’, कि-त्-ते म्हणजे ‘काप’, कि-इ-ते म्हणजे ‘ऐक’. शेवटच्या तीन शब्दांत व्यंजनं तीच, स्वर तेच. वेगळा आहे तो फक्त वेळ: कुठे स्वर एक घर जास्त चालला, कुठे त्या घरात नुसती शांतता आली.

या घराला भाषाशास्त्रात ‘मोरा’ म्हणतात. आपल्याला हा हिशेब छंदशास्त्रातून ओळखीचा आहे, तेव्हा सरळ मात्रा म्हणू. आर्या रचताना मोरोपंत अक्षरं मोजत नव्हते, मात्रा मोजत होते. लघु अक्षराची एक, गुरूची दोन. दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार असलेलं अक्षर गुरू, जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही गुरू. ‘निप्पोन’ या नावाला हाच नियम लावा. ‘नि’पुढे जोडाक्षर आहे म्हणून दोन, ‘पोन्’च्या दोन, एकूण चार. जपानी मोजणीतही नि-प्-पो-न् अशा चारच भरतात. हायकूमधले 5-7-5 हे आकडेही मात्रांचे आहेत, अक्षरांचे नाहीत. म्हणजे ‘निप्पोन’ एवढं म्हटलं की पहिल्या ओळीत एकच मात्रा शिल्लक उरते. आपला नियम एके ठिकाणी मात्र फसतो. आपल्या मोजणीत आ, ए, ओ कायम गुरू असतात. जपानीत ते आखूडही असतात आणि लांबही.

जपानी मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण लिपीच मात्रेमात्रेने चालते. ‘निप्पोन’मधला अडलेला ‘प्’ आणि शेवटचा ‘न्’ यांना ‘काना’ या जपानी लिपीत स्वतंत्र चिन्हं आहेत. मुलांच्या खेळांतही हीच मोजणी असते. ‘गुरिको’ नावाचा जिन्यावरचा खेळ घ्या. दगड-कागद-कात्रीत दगडाने जिंकलं तर ‘गु-रि-को’ म्हणत तीन पायऱ्या चढायच्या. कात्रीने जिंकलं तर चॉकलेटच्या नावाने आणि कागदाने जिंकलं तर अननसाच्या नावाने सहा-सहा. यात एक लबाडी आहे. चॉकलेट या शब्दाच्या रोजच्या बोलण्यात पाचच मात्रा होतात, चो-को-रे-ए-तो. खेळात मात्र ‘चो’चे ‘चि-यो’ असे दोन तुकडे करून सहावी पायरी गाठली जाते. पायऱ्या चढायच्या असल्या की व्याकरण जरा सैल सोडतात.

हा हिशेब कानात किती खोल रुजतो, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. ओताके, हातानो, कटलर आणि मेलर या संशोधकांनी जपानी श्रोत्यांना शब्द ऐकवले आणि ठरलेला तुकडा कानावर पडताच बटण दाबायला सांगितलं. ‘तान्शि’मध्ये ‘तान्’ त्यांनी पकडला. ‘तानिशि’मध्येही त-आ-न हेच ध्वनी याच क्रमाने येतात, पण तिथे त्यांना ‘तान्’ बहुतेक वेळा सापडलाच नाही. ‘तानिशि’ त्यांच्या कानावर ता-नि-शि असाच पडतो, आणि ‘नि’ फोडून त्यातला ‘न’ काढणं त्यांना सुचत नाही. असाच कान इंग्रजी शब्दांतल्या जोडाक्षरांत स्वर घुसवतो. मग ‘स्ट्राइक’चं सु-तो-रा-इ-कु होतं आणि ‘मॅकडोनाल्ड’चं मा-कु-दो-ना-रु-दो.

मात्रा म्हणजे घड्याळाचा ठोका, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. यंत्राने मोजलं की चित्र तितकं नेटकं निघत नाही. ‘सा’ला ‘रि’पेक्षा जास्त वेळ लागतो, वाक्याच्या शेवटी सगळंच लांबतं. एकेक मात्रा सारखी भरत नाही. पण अख्ख्या शब्दाला लागलेला वेळ पाहिला, तर तो त्यातल्या मात्रांच्या संख्येप्रमाणे बऱ्यापैकी नियमित वाढतो. एखादी मात्रा आखडली तर शेजारची तिची थोडी भरपाई करते. तेव्हा शिकणाऱ्याने तालयंत्र लावून प्रत्येक तुकडा ठोकत बसू नये. तसं बोलणं रेल्वेच्या उद्घोषणेसारखं ऐकू येतं.

आता आपल्या कानाकडे. मराठीत ह्रस्व-दीर्घ आहे म्हणून जपानी लांबी आपल्याला सोपी जावी, असं वाटतं. प्रत्यक्षात तीच अवघड जाते. मराठीत ‘मीठ’ दीर्घ, पण ‘मिठाचा’ ह्रस्व. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाचा’ ह्रस्व. लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. ती बदलल्याने मीठ साखर होत नाही. आणि जी गोष्ट जागेवरून आपोआप कळते, तिच्याकडे मेंदू लक्ष द्यायचं सोडून देतो. ए आणि ओ यांची तर आपल्याकडे आखूड-लांब अशी जोडीच नाही. म्हणून वर्गात ‘ओबासान’ आणि ‘ओबाआसान’ दहा वेळा ऐकूनही मराठी विद्यार्थी गोंधळतो. ऐकण्यात आळस नसतो. तो फरक टाकून द्यायला त्याचा कान लहानपणीच शिकलेला असतो.

अडलेल्या व्यंजनाचं मात्र तसं नाही. ‘रसा’ आणि ‘रस्सा’ यांत कुठलाही मराठी माणूस चुकत नाही, त्यामुळे कि-ते आणि कि-त्-ते त्याला पहिल्याच दिवशी वेगळे ऐकू येतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना इथे बराच घाम गाळावा लागतो.

आणखीही काही गोष्टी मराठीभाषकाला आयत्या मिळतात. आपले दोन ‘च’ घ्या. ‘चिमणी’तला ‘चि’ म्हणजे जपानी ‘चि’, आणि ‘चूल’मधला ‘चू’ आखूड केला की जपानी ‘त्सु’. त्सुनामी लिहिताना आपण त-स-उ अशी कसरत करतो, पण उच्चार आपल्या घरचाच आहे. ‘जुना’तला ‘जु’ असाच जपानी ‘झु’च्या जवळ जातो. फक्त ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा नाही, ओठ सैल ठेवायचे.

सगळ्यात मोठी देणगी अनुस्वाराची. जपानी ‘न्’ पुढच्या ध्वनीप्रमाणे रंग बदलतो, अगदी आपल्या परसवर्णासारखा. ‘पंप’मध्ये तो म, ‘दंत’मध्ये न, ‘अंग’मध्ये ङ. तोक्योतल्या शिन्बाशि स्थानकाच्या रोमन पाटीवरही ‘न’ऐवजी ‘म’ लिहिलेला असतो, कारण ‘ब’च्या आधी ओठ मिटतातच. य किंवा स पुढे असला तर जीभ कुठे टेकत नाही, आवाज नुसता नाकातून जातो, जसा आपल्या ‘संयम’ आणि ‘संसार’मध्ये. हे जमलं नाही की गंमत होते. को-न्-या-कु म्हणजे साखरपुडा. जीभ टेकवून ‘न्या’ केलात तर को-न्-न्या-कु, म्हणजे सुरणासारख्या एका कंदाची, थुलथुलीत वडी. तेव्हा ‘संयम’चा अनुस्वार लावायचा, ‘कन्या’तला ‘न्य’ नाही. शब्दाच्या शेवटच्या ‘न्’लाही जीभ दातांवर आपटायची नसते. नि-हो-न् म्हणताना तो घशाच्या बाजूला विरतो. मात्र त्याचा पूर्ण वेळ त्याला मिळालाच पाहिजे.

जपानी वर्णक्रम पाहिला तर हे सगळं फारसं परकं वाटत नाही. आ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे ही मांडणी तिकडे रुजली. आपल्या वर्णमालेशी ताडून बघा: च-वर्गाच्या जागी ‘सा’ बसलाय आणि प-वर्गाच्या जागी ‘हा’. आज हे विचित्र दिसतं, पण जपानी ‘ह’ एके काळी ‘प’ होता, नंतर ओठांनी फुंकलेला ‘फ’ झाला आणि पुढे ‘ह’. 1516 सालच्या एका संग्रहात कोडं आहे: आईला दोनदा भेटतं, वडिलांना एकदाही नाही, असं काय? उत्तर आहे ओठ. आई म्हणजे ‘हाहा’ आणि वडील म्हणजे ‘चिचि’. आजच्या ‘हाहा’त ओठ हलतच नाहीत, तेव्हाच्या ‘फाफा’त दोनदा जवळ यायचे. पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार कसा होता, याचा हा चांगला साक्षीदार.

स्वर गिळण्याचीही एक सवय तिकडे आहे. क, स, त, प, ह अशा अघोष ध्वनींच्या मध्ये, किंवा अशा ध्वनीनंतर शब्दाच्या शेवटी, सापडलेला इ किंवा उ नुसता श्वास होऊन उरतो. ‘देसु’चं ‘देस्’ होतं, ‘सुकि’चं जवळजवळ ‘स्कि’. मराठीत ‘घर’, ‘करवत’ म्हणताना आपण ‘अ’ गाळत असतोच, त्यामुळे हे आपल्याला लगेच जमतं. गडबड होते ती नंतर. आपण स्वराबरोबर त्याचा वेळही गाळून टाकतो, जपानी बोलणारा तो बहुतांशी ‘स’च्या सुसकाऱ्यात भरून काढतो.

राहिला सूर. हा-शि म्हणजे खाण्याच्या काड्या, पूल किंवा कडा. तोक्योच्या प्रमाण बोलीत काड्यांसाठी ‘हा’ उंच, ‘शि’ खाली. पुलासाठी ‘हा’ खाली, ‘शि’ उंच, आणि पुढे ‘गा’ हा प्रत्यय लागला की तो खाली येतो. कडेसाठीही ‘हा’ खाली, ‘शि’ उंच, पण ‘गा’ही उंचच राहतो. म्हणजे पूल आणि कडा एकेकटे जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फरक पुढच्या प्रत्ययात उघडा पडतो. तोक्योच्या बोलीत पहिली आणि दुसरी मात्रा एका उंचीवर नसतात, आणि एकदा सूर पडला की त्या शब्दात तो पुन्हा चढत नाही. त्यामुळे प्रत्येक शब्दाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची: सूर कुठे पडतो, की पडतच नाही. हा खेळ आवाजाच्या उंचीचा आहे, जोराचा नव्हे. जोर देऊन बोललं की जपानी कानाला ते भांडण वाटू शकतं.

ही व्यवस्था आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. वैदिक भाषेत उदात्त-अनुदात्ताने अर्थ बदलायचा. ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकला आणि त्वष्ट्याचा मंत्र त्याच्याच मुलावर, वृत्रावर उलटला, ही कथा वेदपाठशाळांत अजून सांगतात. मराठीपर्यंत येताना ते स्वर गळून गेले.

पण सुराची धास्ती घेऊ नये, असं माझं मत आहे. ओसाका-क्योतोकडे हा-शि बरोबर उलटा बोलतात: काड्या खाली-वर, पूल वर-खाली. तोक्योच्या उत्तरेला इबाराकी, तोचिगी, फुकुशिमा भागांतल्या जुन्या बोलींत सुराने शब्द वेगळे करण्याची पद्धतच नाही. ही सगळी माणसं एकमेकांशी बोलतात, व्यवहार करतात. मात्रेचा हिशेब चुकला तर मात्र ऐकणारा लवकर अडखळतो. म्हणून आधी लांबी, मग सूर. वर्गात पुष्कळदा दोन्ही राहून जातं, कारण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही. वरची पातळी पास झालेला विद्यार्थीही ‘ओबासान’वर अडतो, तो यामुळेच.

जपानी माणसं फार भरभर बोलतात, ही तक्रार खरी आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2011 मध्ये सात भाषा मोजल्या, त्यात जपानी सेकंदाला सुमारे 7.8 अक्षरं घेऊन सर्वांत वेगवान निघाली, इंग्रजी 6.2 वर होती. कारण सोपं आहे. जपानीत वेगवेगळी अक्षरं थोडी, म्हणून एकेका अक्षरात माहिती कमी मावते आणि ती वेगाने भरून काढावी लागते.

या वेगाला तोंड द्यायचं तर वाचनाआधी कान तयार करावा लागतो. रोमन आणि देवनागरी टिपणं लवकर सोडावीत, कारण दोन्हींत लांबी हरवते; कानालिपीत ती डोळ्यांना दिसते. मग छोटं ध्वनिमुद्रण लावून, बोलणाऱ्याच्या अर्ध्या सेकंदामागून त्याच्यासारखंच बोलत जायचं. याला ‘शॅडोइंग’ म्हणतात. अर्थ कळला नाही तरी चालतं, चाल सुटता कामा नये. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर आपला आणि मूळ आवाज शेजारी ठेवून दाखवतं. ‘कित्ते’च्या चित्रात ‘कि’ आणि ‘ते’ यांच्यामध्ये एक पांढरा पट्टा असतो. ती शांतता. ‘किते’मध्येही पट्टा असतो, पण अरुंद. आपल्या मुद्रणात तो किती रुंद झालाय, ते डोळ्यांनी मोजता येतं. सुरासाठी तोक्यो विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेलं ‘ओजॅड’ आहे. त्यात वाक्य टाकलं की सुराची चढ-उतार रेषा मिळते.

आणि पाठांतरासाठी आठवड्याचे वार घ्यावेत. जपानी बोलण्याला दोन-दोन मात्रांच्या जोड्या आवडतात, म्हणून वार थोडक्यात म्हणताना एका मात्रेचे दोन वार ताणून घेतात. सोमवारपासून: गे-त्सु, का-आ, सु-इ, मो-कु, कि-न्, दो-ओ, नि-चि. फोन नंबर सांगतानाही दोनचा ‘नि’ ‘नि-इ’ होतो आणि पाचचा ‘गो’ ‘गो-ओ’.