क्वांटम संगणकाची सुरुवात उष्णतेच्या प्रश्नातून

क्वांटम संगणकाची गोष्ट बहुतेक वेळा भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनपासून सुरू होते. माझ्या मते ती वीस वर्षं आधीपासून सांगायला हवी आणि तिथे प्रश्न वेगाचा नव्हता, उष्णतेचा होता. माहितीचा एक बिट (0 किंवा 1) पुसला की थोडी तरी उष्णता बाहेर पडतेच, असं आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी 1961 मध्ये मांडलं. मग काहीच न पुसता आकडेमोड होईल का? होईल, असं त्यांचे सहकारी चार्ल्स बेनेट यांनी 1973 मध्ये सिद्ध केलं. प्रत्येक पायरी उलट दिशेनेही चालवता येईल, अशा रीतीने कोणतंही गणित मांडता येतं. हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला, कारण पुंज यामिकीत (क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वागण्याच्या शास्त्रात) बाहेरून धक्का न लागलेल्या प्रणालीतले बदल असेच उलटवता येण्याजोगे असतात. 1980 मध्ये पॉल बेनिऑफ यांनी पुंज यामिकीच्या नियमांवर चालणारं ट्युरिंग यंत्र, म्हणजे संगणकाचा सैद्धांतिक नमुना, कागदावर उभं केलं. त्याच वर्षी सोव्हिएत गणिती युरी मानिन यांनीही अशा यंत्राची कल्पना मांडली.

फाइनमन यांचं गाजलेलं भाषण मे 1981 मधलं. निसर्ग पुंज यामिकीने चालतो, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही तसंच हवं, हा त्यांचा आग्रह. साध्या संगणकाची अडचण आकड्यांतच दिसते: दोनच अवस्था असलेल्या 40 कणांचं पूर्ण वर्णन करायला एक लाख कोटींहून जास्त संख्या लागतात आणि आणखी एक कण आला की त्या दुप्पट होतात.

1985 मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइच यांनी सर्वसमावेशक क्वांटम संगणकाची व्याख्या केली. तरीही विषय मोजक्या अभ्यासकांपुरताच राहिला. 1994 मध्ये बेल लॅब्जच्या पीटर शोर यांनी प्रचंड संख्यांचे अवयव झटपट पाडणारी रीत शोधली आणि सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं, कारण आरएसए कूटलेखनाची (संदेश गुप्त ठेवण्याच्या एका पद्धतीची) सुरक्षितता याच गणिताच्या अवघडपणावर उभी आहे.

क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले बिट, नाजूक असतात, त्यांची हुबेहूब प्रत काढता येत नाही. मग चुका सुधारणार कशा? हा आक्षेप रास्त होता. त्यालाही शोर यांनीच 1995 मध्ये उत्तर दिलं: एका क्युबिटमधली माहिती नऊ क्युबिटांत पसरवायची. या उत्तराचं श्रेय त्यांना कमीच मिळतं.

2001 मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत एकाच रेणूतल्या पाच फ्लोरिन आणि दोन कार्बन अणूंची केंद्रकं क्युबिट म्हणून वापरून अवयव पाडण्याची ती रीत प्रत्यक्ष चालवली गेली. 15 चे अवयव मिळाले: 3 आणि 5.