पंचक, पत्त्यांचा कॅट आणि पुण्यतिथीची वही

२ फेब्रुवारी २०२२ ला रमेश देव गेले. ६ तारखेला सकाळी लता मंगेशकर. १५ तारखेला बप्पी लाहिरी. अशा पंधरवड्यात नागपुरातल्या कोणत्याही पानठेल्यावर थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य कानावर पडतंच: "पंचक लागलं वाटते."

पंचांग काढून पाहिलं तर २ ते ६ फेब्रुवारी या दिवसांत पंचक होतं, आणि पहिले दोन्ही मृत्यू त्यात बसतात. चंद्र कुंभ आणि मीन राशीत असतो तो काळ म्हणजे पंचक. त्यात कोणी गेलं तर पाठोपाठ आणखी चौघं जातात, असा समज आहे. म्हणून आजही अनेक घरांत अशा वेळी दर्भाचे किंवा कणकेचे पुतळे करून मृतदेहासोबत दहन करतात. या समजात तपासून पाहता येण्यासारखं गणित आहे. नामवंतांच्या निधनाचे अंदाज बांधण्याचा आणि त्यांच्या तारखा सांभाळण्याचा छंद असणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

चंद्राला बारा राशी फिरायला सरासरी २७.३ दिवस लागतात. त्यातल्या दोन राशी म्हणजे साधारण साडेचार दिवस. म्हणजे काहीही विशेष न घडता दर सहा मृत्यूंतला एक पंचकातच पडणार. आता "पाच जातात" हा भाग. समजा, ज्यांच्या जाण्याची बातमी आपल्याला हटकून कळते असे वर्षाला ५२ जण जातात, आठवड्याला सरासरी एक. तर कोणत्याही एका निधनानंतरच्या ३० दिवसांत आणखी चार किंवा त्याहून जास्त निधनं होण्याची शक्यता शंभरात ६० च्या थोडी वर निघते. पंचक दहापैकी सहा वेळा "खरं" ठरतं ते यामुळे. पंचक नसताना गेलेल्या माणसानंतरही हाच आकडा येतो, पण तेव्हा मोजत कोणी बसत नाही.

हे पटायला पत्त्यांचा एक कॅट पुरतो. जोकर काढून टाका. ५२ पत्ते म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे. कॅट नीट पिसा, एक पत्ता ओढा, कागदावर त्याच्या नावापुढे एक रेघ मारा, पत्ता परत कॅटमध्ये घाला आणि पुन्हा पिसा. असं ५२ वेळा. प्रत्येक रेघ म्हणजे त्या आठवड्यातलं एक निधन. शेवटी मोजलं तर साधारण १९ पत्त्यांपुढे एकही रेघ नसते, १९ पुढे एक, दहाएकांपुढे दोन, आणि चार पत्त्यांपुढे तीन किंवा जास्त. सरासरी आठवड्याला एक असूनही वर्षातले चार आठवडे तिघा-तिघांना घेऊन जातात, आणि १९ आठवडे पूर्ण कोरडे जातात. हे आकडे पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रातून येतात. प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. एक, ओढलेला पत्ता परत घालायचा राहतो. मग प्रत्येक पत्ता एकदाच येतो आणि गुच्छ तयारच होत नाहीत. दोन, पत्ता वरवर ठेवून कॅट अर्धवट पिसला जातो. मग तेच ते पत्ते पुन्हा येतात आणि गुच्छ खोटे वाढतात. प्रत्येक वेळी सात-आठदा पिसावं. दोघं असतील तर तासाभरात होतं.

यदृच्छा, म्हणजे निव्वळ योगायोग, याचा अर्थ समान अंतर नव्हे. आपल्या मनाला तीच गोष्ट अवघड जाते.

आता अंदाजाकडे. मृत्यूचे आकडे मांडून वाचण्याची रीत जुनी आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची छापील यादी निघायची. जॉन ग्राँट यांनी १६६२ साली त्या याद्यांतून पहिलं पद्धतशीर विश्लेषण केलं. १६९३ साली एडमंड हॅली यांनी, धूमकेतूवाले तेच, ब्रेस्लाव शहराच्या नोंदींवरून वयानुसार जगण्याची सारणी बांधली. पुढे इंग्लंडात नामवंतांच्या आयुष्यावर पैजा लावण्याचं इतकं पेव फुटलं की आजारी माणसाच्या नावाने परकी माणसं विमा काढू लागली. १७७४ च्या कायद्याने ते बंद केलं: ज्याच्या जगण्यात तुमचं खरं हित गुंतलेलं नाही, त्याचा विमा तुम्हाला काढता येणार नाही. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. तेव्हा या छंदात एक रुपयाही नको, चहाच्या बिलाचीसुद्धा पैज नको. पैसा आला की माणूस कोणाच्या तरी मरणाची वाट पाहू लागतो, आणि तिथे हा छंद घाणेरडा होतो.

१८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी दाखवलेला नियम अंदाजाचा कणा आहे. प्रौढ वयानंतर वर्षभरात मरण्याची शक्यता ठरावीक काळाने दुप्पट होत जाते, आणि आजच्या आकड्यांत तो काळ साधारण आठ वर्षांचा भरतो. अमेरिकेच्या सरकारी सारणीत ८० व्या वर्षी शंभर पुरुषांमागे वर्षाला सहाच्या आसपास जातात, ९० व्या वर्षी सोळाएक, शंभरीला पस्तीसएक. बायकांचे आकडे थोडे कमी. आपल्या नमुना नोंदणी योजनेच्या (निवडक भागांतल्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंद) सारण्या ८५ च्या पुढच्या सगळ्यांना एकाच गटात घालतात, म्हणून फार म्हाताऱ्या मंडळींसाठी परदेशी सारणी हाताशी ठेवावी लागते. नामवंतांना बहुधा चांगले उपचार मिळतात, तेव्हा त्यांचे आकडे सारणीपेक्षा किंचित खाली धरले तरी चालतात. सारणीपेक्षा वर मात्र नेऊ नयेत.

वीस जणांची यादी घेऊ. आठ जण ८० ते ८४ वयाचे, प्रत्येकी शक्यता ७ टक्के. सात जण ८५ ते ८९, प्रत्येकी ११ टक्के. पाच जण ९० ते ९४, प्रत्येकी १८ टक्के. बेरीज ०.५६ अधिक ०.७७ अधिक ०.९०, म्हणजे २.२३. वर्षअखेरीला या यादीतले साधारण दोघं-तिघं गेलेले असतील, असा हा अंदाज. एक ते चार या पट्ट्यात उत्तर पडण्याची शक्यता शंभरात ८५ च्या आसपास, आणि एकही जण न जाण्याची नऊ. इतकं खात्रीने सांगता येतं. कोण जाईल ते मात्र नाही. यादीतला सगळ्यात म्हातारा माणूसही शंभरात ८२ वेळा पुढची संक्रांत पाहतो. दिलीपकुमार यांची प्रकृती बिघडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या, आणि ते ७ जुलै २०२१ ला वयाच्या ९८ व्या वर्षी गेले. आजारपणाच्या बातमीला भुलणं ही या छंदातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक जन्मतारखेची. आपल्याकडच्या जुन्या पिढीत १ जून किंवा १ जुलै या जन्मतारखा भरमसाट सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लावलेल्या त्या तारखा. जनगणनेतही वय ० किंवा ५ वर संपणारी माणसं खऱ्यापेक्षा जास्त निघतात, कारण सांगणारा गोल आकडा सांगतो. वयात तीन वर्षांची चूक झाली तर आठ वर्षांना दुप्पट या हिशेबाने शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी चुकते. म्हणून यादीत जन्मतारखेपुढे एक खूण करावी: तारीख पक्की, की शाळेतली.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न छंदाचं चारित्र्य ठरवतो. परदेशात रूढ असलेली पद्धत म्हणजे शंभरातून वय वजा करायचं. ९२ वर्षांचा माणूस गेला तर ८ गुण, ४० वर्षांचा गेला तर ६०. आम्ही ही पद्धत साफ नाकारतो. ती तरुण, आजारी, व्यसनात अडकलेली माणसं शोधायला लावते आणि खेळणाऱ्याला परक्याच्या दवाखान्याच्या दारात डोकवायला शिकवते. त्याऐवजी हवामानवाल्यांची पद्धत घ्यावी. ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली पावसाच्या अंदाजासाठी ती मांडली. प्रत्येक नावापुढे वर्षारंभी शक्यता लिहायची. वर्षअखेर माणूस गेला असेल तर १, हयात असेल तर ०. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग म्हणजे तुमचा दंड; सगळ्यात कमी दंड असणारा सरस.

नव्वदीच्या एका माणसापुढे एकाने ०.१५ लिहिलं, दुसऱ्याने कुठलीशी बातमी वाचून ०.६०. माणूस हयात राहिला तर पहिल्याचा दंड ०.०२२५, दुसऱ्याचा ०.३६. माणूस गेला तर पहिल्याला ०.७२२५ आणि दुसऱ्याला फक्त ०.१६, म्हणजे त्या वर्षी दुसरा फुशारकी मारणार. पण खरी शक्यता १५ टक्के असेल तर सरासरी दंड पहिल्याचा ०.१३ आणि दुसऱ्याचा ०.३३ पडतो. तीन-चार वर्षांच्या वह्या एकत्र केल्या की हे उघड दिसतं. या पद्धतीत कोणाच्या जाण्यानेच कोणी जिंकतो असं नाही. माणूस जगला तरी अंदाज बरोबर ठरू शकतो, आणि हीच तिची खरी किंमत आहे.

यादीत फक्त ८० पूर्ण केलेल्यांची नावं घ्यावी, आणि ती यादी गटाबाहेर जाऊ देऊ नये. कोणाच्या नातेवाइकाच्या हाती ती पडणं ही या छंदातली सगळ्यात वाईट गोष्ट.

बातमीची खातरजमा हे वेगळंच काम आहे. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णालयात असताना ते गेल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी खुद्द संसदेत सांगितलं. जयप्रकाश हयात होते. ते ८ ऑक्टोबर १९७९ ला गेले. विक्रम गोखले यांच्या निधनाची बातमी २३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री देशभर पसरली, श्रद्धांजल्या वाहून झाल्या, मग घरच्यांनी ती खोटी असल्याचं सांगितलं. ते २६ तारखेला गेले. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात. गोखले यांना त्यानंतर जेमतेम तीनच दिवस मिळाले. दोन्ही वेळा माणूस खरंच अत्यवस्थ होता, आणि म्हणूनच अफवा पटली. दहा संकेतस्थळांवर तीच बातमी दिसली तरी उगम एकच असेल तर तो एकच स्रोत. कुटुंबीय किंवा रुग्णालयाचं निवेदन येईपर्यंत वहीत पेन लावू नये, आणि तोवर ग्रुपवर पुढे ढकलूही नये.

तारीख माणूस जिथे गेला तिथली धरायची. देव आनंद लंडनमध्ये ३ डिसेंबर २०११ च्या रात्री गेले. इथे बातमी आली तेव्हा ४ तारीख उजाडली होती. ३१ डिसेंबरच्या आसपास या फरकाने अख्खं वर्ष बदलतं.

आता आठवणीचा भाग, जो आम्हाला अंदाजापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. "सुरेश भट गेले तेव्हा मी कुठे होतो ते मला स्वच्छ आठवतं," असं सांगणारी माणसं नागपुरात पुष्कळ भेटतील. भट १४ मार्च २००३ ला इथेच गेले. स्वच्छ आठवणं आणि बरोबर आठवणं यांत किती अंतर असतं, ते १९८६ च्या चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या अपघातानंतर मोजलं गेलं. उलरिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कोणाकडून, कुठे, काय करताना कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचं प्रत्येक मुख्य उत्तर चुकलं, पूर्ण बरोबर फक्त तिघं. चुकलेल्यांचा आत्मविश्वास मात्र शाबूत होता. आपण आठवण काढतो तेव्हा ती पुन्हा रचतो. पुढे टीव्हीवर पाहिलेलं चित्र, दुसऱ्याने सांगितलेली हकिकत, सगळं त्यात मिसळतं. अमुक कलावंत कधीच गेला, असं वाटत असताना तो हयात निघतो तेही याच कारणाने: सेवानिवृत्ती, दीर्घ आजार, दुसऱ्या कुणाची श्रद्धांजली, या सगळ्याचं मनात एक निधन तयार होतं.

उपाय साधा आहे. दोनशे पानी वही घ्या. बातमी पक्की झाल्यावर २४ तासांच्या आत पाच ओळी लिहा: किती वाजता कळलं, कोणाकडून, तेव्हा काय करत होतात, पहिल्यांदा कोणाला सांगितलंत, आणि त्या माणसाचं कोणतं काम मनात आलं. पान मुडपून चिकटवून टाका. तीन वर्षांनी न पाहता पुन्हा त्याच पाच ओळी लिहा आणि मग जुनं पान उघडा. गटातल्या चौघांनी हे केलं की कोणाची आठवण कुठे सरकली ते समोरासमोर दिसतं. पाचवी ओळ सगळ्यात कमी बदलते असं वाटतं खरं, तीही तपासावी.

वहीत शेवटी पुण्यतिथीचे रकाने करावे, एक नव्हे तीन. विदर्भात याची गरज पडतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन इंग्रजी तारखेने ६ डिसेंबर, तो हलत नाही. नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला गेले. त्यांचा उर्स हिजरी महिन्याने २६ मुहर्रमला भरतो, आणि हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने दरवर्षी मागे सरकतो. इंग्रजी हिशेबाने २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली, हिजरी हिशेबाने त्याच साली १०३. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, आश्विन वद्य पंचमीला. तिथीही दरवर्षी ११ दिवस मागे येते, पण अधिक मास आला की झेप घेऊन पुढे जाते, म्हणून ही पुण्यतिथी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा अशी झुलते. तारीख बदलते, घटिका बदलत नाही. गुरुकुंज मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, हजारो माणसं जिथे आहेत तिथे थांबून मौन धरतात.