शेवटच्या बाकावरून: शिक्षक घडवण्याच्या संशोधनाची पार्श्वभूमी

पावसाळ्यात मुंबईतल्या एखाद्या पालिका शाळेत डोकावलात, तर वर्गात शेवटच्या बाकावर बी.एड.च्या दोन-तीन मुली कागद घेऊन बसलेल्या दिसतील. फळ्याजवळ त्यांचीच मैत्रीण पाठ घेत असते. टेबलावर टाचणाची वही, हातात खडू, आणि नजर सारखी मागे बसलेल्या मार्गदर्शकाकडे. त्या बाकावर मीही पुष्कळ वर्षं बसतो आहे. माझ्या हातातल्या तक्त्यावर प्रस्तावना, प्रश्न विचारणे, फळा लेखन, समारोप असे रकाने असतात. हे रकाने आले कुठून, हे पाठ घेणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मास्तरालाही शिकवावं लागतं, ही कल्पना या शहरात जवळपास दोनशे वर्षं जुनी आहे. १८२०च्या दशकात इथल्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने चोवीस शिक्षक तयार करून गावोगावच्या शाळांवर पाठवले. तेव्हा चलनात होती मॉनिटर पद्धत. हुशार मुलाने इतरांना शिकवायचं. मद्रासच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना अँड्र्यू बेल यांनी पाहिली, त्यातून त्यांनी ही पद्धत उभी केली, ती इंग्लंडात गाजली आणि मग सरकारी शिक्का घेऊन परत आली. पुढे १८४५मध्ये मुंबईत शिक्षकांसाठी नॉर्मल क्लास निघाला, तो बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती होता. वर्षभरात ते गेले. दर्पणकार म्हणून आपण दरवर्षी त्यांची आठवण काढतो. शिक्षकांचा शिक्षक म्हणूनही ती निघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतरचा काळ सरकारी अहवालांचा. १८५४च्या वुडच्या खलित्यात शिक्षक-प्रशिक्षणाची शिफारस आहे, १८८२च्या हंटर आयोगातही आहे. १९०४च्या ठरावाने प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडून सरावाची शाळा हवी, हे ठसवलं. दोन वर्षांत मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज उभं राहिलं. आपल्या आजोबांच्या पिढीतले ‘बी.टी. झालेले’ (बी.टी. म्हणजे तेव्हाची शिक्षकाची पदवी) मास्तर याच परंपरेतले.

दादरला वेगळंच काही चाललं होतं. ताराबाई मोडकांनी १९३६मध्ये हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. इथे सुरुवात मुलापासून होती: ते काय करतं, कशात रमतं, हे आधी पाहायचं. शिक्षिकेने काय करायचं हे त्यावरून ठरायचं. हाच विचार पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात पोचला.

संशोधनाला घर मिळालं ते १९४८मध्ये, जे. पी. नाईकांनी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन स्थापलं तेव्हा. ही संस्था नंतर पुण्याला गेली. नाईक पुढे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षणशास्त्राची महाविद्यालयं विद्यापीठाच्या जीवनापासून आणि शाळेच्या रोजच्या अडचणींपासून तुटली आहेत, असं १९६६च्या त्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

माझ्या तक्त्यातले रकाने मात्र अमेरिकेतून आले. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापन सुरू केलं. अध्यापन म्हणजे एक अखंड कला न मानता त्याची सुटी कौशल्यं करायची आणि एकेक घोटवायची. आपल्याकडे बडोदा, इंदूर आणि एन.सी.ई.आर.टी. (शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संस्था) इथे त्याला भारतीय रूप मिळालं. बी. के. पासी यांनी अध्यापन क्षमता मोजण्याची श्रेणी तयार केली. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला हे सांगणं), बारा मिनिटं नवं नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण: छत्तीस मिनिटांचं हे चक्र प्रत्येक बी.एड.वाल्याला पाठ असतं. नेड फ्लँडर्स यांची पद्धत याहून बारीक. दर तीन सेकंदांनी वर्गातल्या बोलण्याची एक नोंद. एकूण दहा गट, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. पाच मिनिटांच्या शंभर नोंदी करून पाहा. शिक्षक किती बोलतो हे डोळ्यांपुढे येतं. घाबरलेल्या नवख्या मुलीला या सुट्या कौशल्यांचा मोठा आधार असतो, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही.

तरी मुंबईतच झालेलं एक काम मला याहून मोलाचं वाटतं. १९७४मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि सहकारी पालिका शाळांतल्या, वंचित घरांतल्या मुलांबरोबर काम करू लागले. विज्ञानाच्या धड्यांची भाषा सोपी करून पाहिली, तशी मुलांची समज वाढली. अडत होतं ते पुस्तकी मराठीपाशी. म्हणजे शिक्षकाची क्षमता मुलाच्या बोलीपर्यंत पोचण्यातही आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये सांगितलं, की विषय येणं वेगळं आणि तो विषय अमुक मुलांना कसा उलगडेल हे कळणं वेगळं. ते वाचताना मला पालिका शाळांतलं हे काम आठवतं.

नंतर महाराष्ट्रात डी.एड. महाविद्यालयांचं पेव फुटलं. मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला, २०१२मध्ये त्याचा अहवाल आला. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचे, आठवडे वाढले. आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम येतो आहे.

परवा परळच्या एका शाळेत बाष्पीभवनाचा पाठ पाहत होतो. एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, आमच्या गॅलरीतले कपडे दोन दिवस झाले तरी ओलेच. कुबट वास मारतो.’ छात्राध्यापिका क्षणभर गडबडली. मग तिने वही मिटली आणि फळ्यावर ‘कुबट’ लिहिलं. त्याखाली मुलांकडूनच ‘दमट’ आलं, आणि सगळ्यांत शेवटी तिने ‘आर्द्रता’ लिहिलं. कपडे का सुकत नाहीत, यावर वर्ग दहा मिनिटं बोलत राहिला. टाचणातले दोन मुद्दे राहिले, समारोप झालाच नाही. तक्त्यात या दहा मिनिटांसाठी रकाना नव्हता. मी ते तिन्ही शब्द, आले त्याच क्रमाने, समासात उतरवून घेतले.