तारायंत्र (भारतातील)

तारेतील विद्युत्‌प्रवाह सांकेतिक क्रमाने सुरू-बंद करून दूरवर संदेश पाठविण्याची व्यवस्था. तिच्याआधी कलकत्ता ते चुनार या मार्गावर मनोऱ्यांवरून दृश्य खुणा करून संदेश पाठविण्याचा प्रयत्न झाला होता.

आरंभ सामान्यतः विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांच्या १८३९ मधील प्रयोगापासून मानतात. कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या या शल्यचिकित्सकाने वनस्पतिउद्यानात बांबूंच्या खांबांवर सुमारे २१ मैल (काहींच्या मते २२) तार समांतर ओळींत ताणली आणि मंडल (वीज वाहण्याचा अखंड मार्ग) पुरे करण्यासाठी हुगळीच्या पाण्याचा उपयोग केला. संकेत ओळखायचा तो बोटांना बसणाऱ्या झटक्यावरून. डांबर लावून वेताच्या चिपांत गुंडाळलेली तार त्यांनी नदीतूनही टाकली. पाण्याखालील तारेचा हा जगातील पहिला प्रयोग होय, असे काही लेखक म्हणतात; परंतु रशियात शिलिंग यांनी १८१२ मध्येच नेवा नदीपलीकडील सुरुंग विजेने उडविल्याचे सांगितले जाते. तेव्हा तो मान संदेशवहनापुरताच धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

कंपनी सरकारने मात्र दहा-अकरा वर्षे लक्ष दिले नाही. कलकत्ता–डायमंड हार्बर ही पहिली नियमित तार १८५०–५१ मध्ये झाली. डलहौसी यांच्या पाठिंब्याने १८५३ पासून आग्रा, मुंबई व मद्रास जोडण्याचे काम निघाले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये सेवा जनतेस खुली झाली. ओशॉनेसी बारीक तारेऐवजी लोखंडाची जाड सळई वापरीत. वादळ, पक्षी आणि माकडे यांना ती पुरून उरे. त्यांचे सूचीयंत्र (सुईच्या हालचालीने संकेत दाखविणारे यंत्र) मागे पडून पुढे मोर्स पद्धत आली.

मोर्स यंत्रात कळ दाबली की मंडल पुरे होते, पलीकडचा विद्युत्‌चुंबक तरफ ओढतो आणि ‘कट्ट’ वाजते. कळ सोडताच तरफ वर आदळून पुन्हा वाजते. टिंब की रेघ, हे या दोन आवाजांमधील अंतरावरून ठरते. सरावलेला तारबाबू कागदी पट्टीकडे न पाहता कानाने ऐकूनच मजकूर उतरवी. टिंब व रेघ यांच्या जुळणीने अक्षरे दर्शविणारी ही लिपी मोर्स यांची की त्यांचे सहकारी व्हेल यांची, याविषयी मतभेद आहेत. आज वापरातील आंतरराष्ट्रीय रूप जर्मनीतील गेर्के यांच्या सुधारणेवर आधारलेले आहे.

१८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने सरकारची मक्तेदारी कायद्याच्या चौकटीत बसविली. जनतेसाठीची सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तोवर कळ जाऊन संगणक आला होता.